राजकारणातली तुच्छता आणि तिची किंमत

धागाकर्ता

आंतरराष्ट्रीय राजकारणाची चर्चा करताना आपण हितसंबंध, लष्करी बळ, व्यापार आणि भूगोल यांचा हिशेब मांडतो. एका देशाने दुसऱ्याला तुच्छ लेखले, एखाद्या नेत्याने परक्या माणसांची हेटाळणी केली, तर ती बाब स्वभावाची किंवा शिष्टाचाराची समजून आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे आहे की तुच्छता धोरणात खोलवर उतरते आणि तिचा मोठा फटका पुष्कळदा तुच्छ लेखणाऱ्यालाच बसतो, कारण ज्याला आपण क्षुल्लक मानतो त्याच्याविषयी काही जाणून घेण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी होते. द्वेषाचे तसे नसते. ज्याचा द्वेष वाटतो किंवा ज्याची भीती वाटते, त्याच्यावर माणूस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो.

दिएन बिएन फूची लढाई पाहा. व्हिएतनामच्या वायव्येकडील या दरीत फ्रेंचांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये तळ उभारला, तो सभोवतालचे डोंगर शत्रूसाठी मोकळे सोडून. त्या डोंगरांवर तोफा चढवणे व्हिएत मिन्हला, म्हणजे फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतनामी स्वातंत्र्यसेनेला, जमणार नाही, आणि जमलेच तर आपल्या तोफा त्यांना लगेच गप्प करतील, अशी ग्वाही तोफखान्याचे प्रमुख कर्नल शार्ल पिरोत यांनी दिली होती. जनरल व्हो न्गुएन झाप यांच्या माणसांनी तोफा दोरखंडांनी ओढत डोंगरांत नेल्या, खोदलेल्या खोबणींमध्ये लपवल्या आणि रसद हजारो हमालांकरवी पायी व सायकलींवरून पोहोचवली. १३ मार्च १९५४ रोजी मारा सुरू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पिरोत यांनी हातबॉम्बने स्वतःचा जीव घेतला आणि ७ मे रोजी तळ पडला.

दुसरे उदाहरण १९६५ चे. २९ ऑगस्ट रोजी पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी आपल्या लष्करप्रमुखांसाठी काढलेल्या निर्देशात, योग्य वेळी आणि योग्य जागी एकदोन जोरदार तडाखे बसले की हिंदूंचे मनोधैर्य टिकत नाही, अशा आशयाचे वाक्य आहे. एका फील्ड मार्शलने युद्धाच्या तोंडावर काढलेल्या अधिकृत कागदात हे लिहिले होते, ही त्यातली गंभीर गोष्ट आहे. ६ सप्टेंबरला भारतीय सेनेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने चाल केली, तेव्हा त्या गृहीतकाचा पायाच निखळला.

मात्र मला सर्वांत बोलके वाटते ते १९७१ चे उदाहरण, कारण तिथे तुच्छता ध्वनिमुद्रित झालेली आहे. इंदिरा गांधी त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला गेल्या होत्या. त्या भेटीच्या सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी त्यांच्याविषयी आणि एकूणच भारतीयांविषयी जी भाषा वापरली, ती २००५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने खुल्या केलेल्या दस्तऐवजांतून जगाला कळली आणि किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला. शिव्या हा त्यातला वरवरचा भाग आहे. ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी पूर्व पाकिस्तानातील कत्तलींची माहिती मार्चच्या अखेरीपासून वॉशिंग्टनला पाठवली होती आणि ६ एप्रिल १९७१ रोजी वीस अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्यांची असहमतीची तार गेली होती. भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या पुढे एक कोटीच्या घरात गेली. हे सगळे समोर असताना, ज्या समाजांविषयी मनात काडीचा आदर नव्हता त्यांचे दुःख आणि त्यांचा निर्धार या दोन्ही गोष्टी त्या दोघांच्या हिशेबात आल्याच नाहीत. ब्लड यांना ढाक्याहून परत बोलावण्यात आले, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेची विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली तोवर निकाल जवळपास लागलेला होता.

या मांडणीला छेद देणारी उदाहरणे आणि देशांतर्गत राजकारणातले अनुभव यांवर सविस्तर चर्चा व्हावी अशी विनंती आहे.

प्रतिसाद १

विषय महत्त्वाचा आहे, परंतु एक शंका मांडतो. एखादा सेनापती चुकला की त्याच्या चुकीला मागाहून तुच्छता हे नाव देता येते. पिरोत यांचे गणित चुकले, एवढेच म्हणणे पुरेसे का नाही?

या संदर्भात चीनच्या चिएनलुंग सम्राटाची गोष्ट आठवते. १७९३ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी यांचे शिष्टमंडळ व्यापाराच्या सवलती मागायला गेले, तेव्हा सम्राटाने राजा तिसरा जॉर्ज याला, आमच्याकडे सर्व काही आहे आणि तुमच्या नवलाईच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही, अशा अर्थाचे उत्तर पाठवले. त्यानंतर अर्धशतकाच्या आत अफूचे युद्ध झाले आणि १८४२ च्या नानजिंगच्या तहाने हाँगकाँग गेले. त्यामुळे हे पत्र आंधळ्या अहंकाराचा नमुना म्हणून सर्रास दाखवले जाते. पण त्याच सुमारास सम्राटाने किनारपट्टीवरील अधिकाऱ्यांना इंग्रजांपासून सावध राहण्याचे आदेशही दिले होते. म्हणजे पत्रातला तोरा हा दरबाराचा होता, आणि आतून भीती जागी होती. अशा वेळी शब्द तुच्छतेचे आणि वर्तन सावधपणाचे असते. तेव्हा तुच्छता ओळखायची कशी, याची काही कसोटी हवी.

धागाकर्ता

कसोटीची मागणी रास्त आहे. माझ्या मते पाहायचे ते असे, की योग्य माहिती उपलब्ध होती का, आणि ती आणणाऱ्याला कसे वागवले गेले. माहितीच नव्हती तर ते अज्ञान. माहिती होती, तिचा विचार झाला आणि तरी निर्णय चुकला, तर तो अंदाजाचा दोष. पण माहिती दाराशी आली आणि ‘त्या लोकांना हे जमणारच नाही’ किंवा ‘त्या लोकांचे काय एवढे’ म्हणून ती परत पाठवली गेली, तर ती तुच्छता. या कसोटीवर चिएनलुंगला मी निर्दोष ठरवीन. १९७१ चे उदाहरण मात्र पूर्णपणे बसते, कारण माहिती खुद्द अमेरिकी अधिकाऱ्यांनी दिली होती आणि ती देणाऱ्याचीच बदली झाली.

प्रतिसाद २

चर्चा तुच्छ लेखणाऱ्याच्या नुकसानीवरच राहिली आहे. ज्याला तुच्छ लेखले जाते त्याच्या मनात काय साठत जाते, हेही पाहायला हवे, कारण ती साठवण पुढे कोणत्या हातांत पडेल हे सांगता येत नाही.

पॅरिसच्या शांतता परिषदेत १९१९ साली जपान विजेत्यांच्या बाजूने बसला होता. राष्ट्रसंघाच्या सनदेत राष्ट्रांच्या समानतेचे आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक देण्याचे तत्त्व घालावे, असा प्रस्ताव जपानचे प्रतिनिधी माकिनो नोबुआकी यांनी मांडला. ११ एप्रिल रोजी १७ पैकी ११ मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी, इतक्या महत्त्वाच्या बाबीला एकमत लागते असे सांगून तो प्रस्ताव नामंजूर ठरवला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांचा त्याला कडवा विरोध होता. पुढे १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने जपानी स्थलांतरितांना दार बंद केले. १९३३ मध्ये जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला, त्याचे तात्कालिक कारण मांचुरिया होते आणि तिथले आक्रमण जपानचेच होते. तेव्हा एका नाकारलेल्या प्रस्तावावर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु उदारमतवादी जपानी राजकारण्यांना, पाश्चात्त्यांच्या पंगतीत बसून आपल्याला मान मिळेल असे आपल्या लोकांना सांगणे त्यानंतर कठीण झाले, एवढे तरी मान्य करावे लागेल. लष्करवाद्यांना तो आयता मुद्दा मिळाला. तुच्छतेने दुखावलेल्या समाजात सर्वांत आधी मवाळांची पत जाते, हे मला त्यातले सर्वांत वाईट वाटते.

प्रतिसाद ३

सर्वच अपमान मनातून येतात असे धरून चालू नये. काही अपमान घडवले जातात, आणि काही मुद्दाम जपून ठेवले जातात.

१८२७ मध्ये अल्जियर्सचा शासक हुसेन दे याने फ्रेंच वाणिज्यदूत पिएर देव्हाल याला माश्या वारायच्या पंख्याने मारले. वाद होता जुन्या धान्यखरेदीच्या थकलेल्या रकमेचा, आणि ती रक्कम फ्रान्स देणे लागत होता. तो अपमान पुढे करून फ्रान्सने आधी नाकेबंदी केली, १८३० मध्ये अल्जियर्स घेतले आणि अल्जीरिया स्वतंत्र झाला तो १९६२ मध्ये. १८७० मध्ये बिस्मार्कने त्याहून बारकाईने काम केले. एम्स येथे प्रशियाचा राजा विल्हेल्म आणि फ्रेंच राजदूत बेनेदेत्ती यांच्यात झालेल्या संभाषणाच्या तारेतला मजकूर त्याने असा छाटला की फ्रेंचांना वाटावे आपल्या राजदूताला झिडकारले आणि जर्मनांना वाटावे आपल्या राजाला उर्मटपणे अडवले. मजकूर प्रसिद्ध झाल्यावर आठवडाभरात, १९ जुलै रोजी, फ्रान्सने युद्ध पुकारले.

घरच्या प्रेक्षकांसाठी केलेला अपमान हा याचाच आधुनिक प्रकार आहे. जानेवारी २०१० मध्ये इस्रायलचे उपपरराष्ट्रमंत्री डॅनी अयालोन यांनी एका दूरदर्शन मालिकेबद्दल नाराजी व्यक्त करण्यासाठी तुर्कस्तानच्या राजदूताला बोलावले, त्याला आपल्यापेक्षा खालच्या आसनावर बसवले, मेजावर फक्त इस्रायलचा ध्वज ठेवला आणि हे सारे छायाचित्रकारांच्या नजरेस आणून दिले. तुर्कस्तानने राजदूत परत बोलावण्याचा इशारा देताच लेखी माफी मागावी लागली. अयालोन यांना तुर्कांची ताकद ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यामुळे धागाकर्त्यांच्या कसोटीत ही घटना बसत नाही, आणि तरीही हानी झालीच.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादातील खालच्या आसनाच्या प्रसंगावरून थोडे विस्ताराने लिहितो, कारण राजनैतिक शिष्टाचाराला पोकळ थाटमाट समजण्याची जी सवय आहे ती मला खटकते. तो थाटमाट रक्त सांडल्यानंतर आलेला आहे.

१६६१ च्या शरदात लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या राजदूताच्या स्वागताची मिरवणूक होती. तिच्यात कोणाची बग्गी पुढे असावी यावरून फ्रेंच आणि स्पॅनिश राजदूतांच्या माणसांची भररस्त्यात चकमक झाली आणि माणसे मेली. चौदाव्या लुईने युद्धाची धमकी दिली आणि स्पेनला माघार घ्यावी लागली. प्रत्येक राजा स्वतःला इतरांपेक्षा वरचा मानत असल्यामुळे बसण्याची जागा, सही करण्याचा क्रम, खोलीत शिरण्याचा क्रम ही प्रत्येक गोष्ट भांडणाचे कारण होऊ शकत होती. १८१५ मध्ये व्हिएन्ना येथे ठरले की एका दर्जाच्या राजदूतांचा क्रम त्यांच्या आगमनाची अधिकृत सूचना ज्या तारखेला दिली गेली त्यावरून लागेल. राजाची थोरवी, देशाचा आकार, सैन्याची संख्या यांचा त्याच्याशी काही संबंध राहिला नाही. १९६१ च्या राजनैतिक संबंधांविषयीच्या व्हिएन्ना करारात हेच तत्त्व कार्यभार स्वीकारण्याच्या तारखेनुसार कायम आहे, आणि त्याच करारात राजदूताच्या व्यक्तिगत प्रतिष्ठेचे रक्षण करणे यजमान देशाचे कर्तव्य मानले आहे.

या नियमाने कोणाच्या मनातला तुच्छतेचा भाव गेला नाही. त्याने फक्त एवढे केले की एका छोट्या बेटाचा राजदूत आधी आला असेल तर महासत्तेच्या राजदूताला त्याच्या मागे उभे राहावे लागते, मनात काहीही असो. मनाच्या शुद्धीची वाट पाहत बसण्यापेक्षा वर्तनाला बांधून घालणारे असे नियम मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

प्रतिसाद ५

दरबारातील जागेचा विषय निघाला आहे तर १२ मे १६६६ चा आग्रा दरबार टाळून पुढे जाता येणार नाही. शिवाजी महाराजांना पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. पुरंदरच्या तहानंतर तीच मनसब बालवयातल्या संभाजीराजांना मिळालेली होती. महाराजांनी भर दरबारात संताप व्यक्त केला आणि ते रांग सोडून निघाले. पुढची नजरकैद, ऑगस्टमधली सुटका, १६७० मध्ये परत घेतलेले किल्ले आणि १६७४ चा राज्याभिषेक हा क्रम सर्वांना ठाऊक आहे.

मला त्यातील वेगळी बाजू मांडायची आहे. त्या दिवशी औरंगजेबाने ठरवून अपमान केला की दरबारी व्यवस्थेत ते आपसूक घडले, यावर वाद घालता येईल. मुघल व्यवस्थेत प्रत्येक माणसाला आकड्यात मोजलेला एक दर्जा होता. स्वतःच्या बळावर राज्य उभे करणाऱ्या माणसासाठी त्या मोजपट्टीत जागाच नव्हती. त्याला एक तर बंडखोर म्हणता येत होते, नाही तर मनसबदार. तुच्छता प्रत्येक वेळी व्यक्तीच्या मनात असावी लागत नाही. ती व्यवस्थेच्या रकान्यांत मुरलेली असते, आणि तिथे बसलेल्या सज्जन अधिकाऱ्यालाही समोरचा माणूस त्या रकान्यापलीकडे दिसत नाही. पहिल्या प्रतिसादात कसोटी मागितली गेली, तिच्यात ही भर घालावी असे सुचवतो.

प्रतिसाद ६

देशांतर्गत राजकारणाबद्दल विचारले आहे म्हणून अमेरिका आणि ब्रिटनमधील काही प्रसंग शेजारी शेजारी ठेवतो. एप्रिल २००८ मध्ये ओबामा यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे छोट्या गावांतील बेरोजगार, कडवट झालेली माणसे बंदुका आणि धर्म यांना धरून बसतात असे म्हटले. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी ४७ टक्के जनता सरकारवर अवलंबून असल्याचे आणि स्वतःला पीडित समजत असल्याचे म्हटले. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना अत्यंत हीन गटात टाकले. पक्ष वेगळे, वर्षे वेगळी, परंतु तिन्ही वक्तव्ये निधिसंकलनाच्या कार्यक्रमात, देणगीदारांसमोर केलेली होती. ब्रिटनमध्ये २८ एप्रिल २०१० रोजी गॉर्डन ब्राऊन एका वृद्ध मतदार स्त्रीशी रस्त्यावर नीट बोलले, आणि गाडीत बसल्यावर, अंगावरचा ध्वनिक्षेपक चालू असताना, तिला कोत्या मनाची म्हणाले. नंतर ते माफी मागायला तिच्या घरी गेले.

ओबामा ती निवडणूक जिंकले, त्यामुळे अशा वक्तव्याने पराभव ठरलेलाच असतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. मला चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. प्रतिनिधी ज्यांच्या मतांवर निवडून येतो त्यांच्याविषयी तो सर्वांत मोकळेपणाने बोलतो ते त्यांच्या अनुपस्थितीत, आणि ऐकणारे असतात खर्च उचलणारे. मतदाराला हे अंतर आधीपासून जाणवत असते. चोरून केलेले ध्वनिमुद्रण बाहेर आले की त्याच्या हाती पुरावा येतो, आणि त्यानंतर तो त्या पक्षाचे आरोग्यधोरण किंवा करधोरण ऐकायलाही तयार राहत नाही.

प्रतिसाद ७

एक गंभीर आक्षेप नोंदवतो. काही राजवटी तुच्छतेच्याच लायकीच्या असतात. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारशी जगाने सभ्यतेने वागायला हवे होते, असे कोणी म्हणणार आहे का? खेळांतून बहिष्कार, शस्त्रबंदी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतून १९७४ मध्ये झालेले निलंबन, हे सारे तुम्ही आमच्यात बसण्यास पात्र नाही असे सांगणेच होते, आणि ते योग्यच होते. समतेची भाषा अत्याचाऱ्याच्या प्रतिष्ठेसाठी वापरली जाऊ नये.

धागाकर्ता

या आक्षेपाला आधी उत्तर देतो. बहिष्कार योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण त्या लढ्यातील सर्वांत मोठा नेता तुरुंगात काय करत होता ते पाहा. मंडेला रॉबेन बेटावर आफ्रिकान्स भाषा शिकले, आफ्रिकानेरांचा इतिहास आणि त्यांचे साहित्य त्यांनी वाचले. त्या राजवटीला ते गुन्हेगार मानत होते आणि तिला चालवणारी माणसे कशी विचार करतात, कशाला भितात, हे त्यांना नेमके माहीत करून घ्यायचे होते. वाटाघाटींच्या मेजावर बसण्याची वेळ आली तेव्हा समोरच्यांपेक्षा त्यांची तयारी जास्त होती. कृत्याचा धिक्कार आणि माणसाला क्षुल्लक ठरवणे या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, पण पहिलीसाठी दुसरी आवश्यक नसते.

तिसऱ्या प्रतिसादातील घडवलेल्या अपमानांबद्दल एवढेच म्हणेन की बिस्मार्क समोरच्याला पुरेपूर ओळखून होता, म्हणून त्याचे साधले. त्याचे अनुकरण करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे ती ओळख नसते.

शेवटी १९७१ कडे परत यावे लागते, कारण पाचव्या प्रतिसादातील रकान्यांचा मुद्दा तिथे लागू पडतो. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याशी हस्तांदोलन नाकारले, असे सांगितले जाते. निक्सन यांना त्या प्रसंगाची पूर्ण जाणीव होती. २१ फेब्रुवारी १९७२ रोजी ते पेकिंगला (आजचे बीजिंग) विमानातून उतरले तेव्हा त्यांनी जाणीवपूर्वक स्वतः हात पुढे केला. जुन्या अपमानाची भरपाई कशी करायची हे ज्याला इतके बारकाईने कळत होते, त्याच माणसाने काही महिन्यांपूर्वी भारताविषयी ती भाषा वापरली होती. त्यामुळे त्याच्या स्वभावाला दोष देऊन हे प्रकरण मिटत नाही. चीन त्याच्या लेखी दखलपात्र राष्ट्रांच्या रकान्यात आलेला होता, आणि भारतीय व बंगाली त्या रकान्याबाहेर होते.

किसिंजर यांचा जुलै १९७१ चा दौरा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ६ जुलैला ते दिल्लीत आले, तिथून पाकिस्तानात गेले आणि ९ जुलैला गुप्तपणे पेकिंगला पोहोचले. पेकिंगसाठी महिनोन्‌महिने तयारी झालेली होती. दिल्लीत त्यांना निर्वासितांच्या प्रश्नाची तीव्रता समोरासमोर ऐकवली गेली, आणि धोरणात काहीही बदल झाला नाही. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील कराराच्या वाटाघाटी १९६९ पासून रेंगाळत चालल्या होत्या. या दौऱ्यानंतर महिनाभरातच, ९ ऑगस्ट १९७१ रोजी, दिल्लीत त्या करारावर सह्या झाल्या.